संरक्षण आदेश मोडला गेला तर? मुंबईतल्या बायकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देणाऱ्या माणसाला हिंसा किंवा संपर्क करायला मनाई करणारा आदेश, मिळवायला बाईला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच माहीत. म्हणूनच आदेश हातात आल्यावर तो माणूस पुन्हा दारात दिसला की पायाखालची जमीन सरकते. त्यात पोलीस ठाण्यात 'नवरा-बायकोचं आहे, घरात बसून मिटवा' असं कोणी म्हटलं, की पुढे जायची ताकदच राहत नाही. खालची उत्तरं त्या वेळेसाठी आहेत. ती वाचताना एक गोष्ट मनात पक्की धरा: कोर्टाचा संरक्षण आदेश मोडणं हा नवा, स्वतंत्र गुन्हा आहे. जुनी केस कुठेही अडकलेली असो, या गुन्ह्याची तक्रार आजच करता येते, आणि पहिल्याच वेळी करावी.

तो आत्ता दाराबाहेर उभा आहे. आधी काय करू?

दार उघडू नका. ११२ ला फोन लावा. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची १०३ ही हेल्पलाइनही आहे. फोनवर सगळा इतिहास सांगत बसू नका. 'माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे, तो मोडून माणूस दारात आलाय, मी अमुक पत्त्यावर आहे' एवढंच सांगा. 'कोर्टाचा आदेश' हे शब्द पहिल्या वाक्यात यायला हवेत, नाहीतर कॉल घरगुती भांडण म्हणून नोंदला जातो. किती वाजता फोन केला ते कुठेतरी टिपून ठेवा.

चाळीत राहत असाल तर शेजाऱ्यांना मोठ्याने हाक मारा. लाज वाटू देऊ नका, उद्या तेच साक्षीदार असतील. सोसायटीत असाल तर वॉचमनला इंटरकॉम करा आणि आलेल्या माणसाची वेळ रजिस्टरमध्ये लिहायला सांगा.

त्याने स्टेशनवर किंवा लोकलमध्ये गाठलं तर रेल्वे पोलिसांचा १५१२ हा क्रमांक आहे. हद्दीची चिंता तुम्ही करू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मार लागला असेल तर पोलीस ठाण्याआधी हॉस्पिटल गाठलं तरी चालतं. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात तुम्हाला कोणी आणि कशाने मारलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तशीच नोंद करायला लावा. 'पडले' असं सांगू नका, तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वाचला जातो. महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत 'दिलासा' केंद्र आहे. त्याची सुरुवात वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली. तिथल्या समुपदेशक हिंसेच्याच केसेस बघतात, त्यांना भेटून या.

नेमकं काय केलं म्हणजे आदेश मोडला असं म्हणायचं?

याचं उत्तर तुमच्या आदेशाच्या कागदावर आहे. तो कपाटात ठेवून देऊ नका, ओळ न् ओळ वाचा. इंग्रजीत असेल तर वकिलाकडून किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडून (या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) मराठीत समजून घ्या. कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट बऱ्याच गोष्टींना मनाई करू शकतात: मारहाण किंवा कोणत्याही प्रकारची हिंसा, त्यात इतर कोणी मदत करणं, तुमच्या कामाच्या जागी येणं, मुलाच्या शाळेत जाणं, कोणत्याही मार्गाने संपर्क साधणं, जॉइंट खातं किंवा लॉकर परस्पर वापरणं, स्त्रीधन विकणं, तुम्हाला आधार देणाऱ्या आई-भावाला त्रास देणं. यापैकी तुमच्या आदेशात जे लिहिलं आहे, ते त्याने केलं की आदेश मोडला.

यावरून एक काम आधीच करून ठेवण्यासारखं आहे. आदेशाची प्रत मुलाच्या मुख्याध्यापकांना, तुमच्या ऑफिसला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि लॉकर असलेल्या बँकेच्या शाखेला द्या, आणि प्रत मिळाल्याची सही घ्या. शाळेला माहीत असेल तर गेटवर मूल कोणाच्याही हाती जाणार नाही. बँकेला माहीतच नसेल तर ती लॉकर उघडून देईल आणि दागिने गेल्यावर तुम्ही भांडत बसाल.

त्याने हात लावला नाही, फक्त व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. तरी तक्रार होते?

संपर्काला मनाई असेल तर होते. कायद्यात तोंडी, लेखी, फोनवरून आणि इलेक्ट्रॉनिक असा सगळाच संपर्क येतो. मेसेज गोड असला, 'मुलांची आठवण येते' एवढाच असला, तरी आदेश मोडलेलाच असतो. बऱ्याच बायका पहिल्या मेसेजला काही करत नाहीत, कारण 'एवढ्याशा गोष्टीसाठी पोलिसांत काय जायचं' असं वाटतं. पण समोरचा माणूस याच वेळी अंदाज घेत असतो. मेसेज खपला की फोन येतो, फोन खपला की तो स्वतः येतो.

आदेश फक्त अंतरिम आहे. तो मोडला तर चालतं का?

नाही चालत. कलम ३१ मध्ये अंतरिम संरक्षण आदेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र आदेश एकतर्फी झाला असेल, म्हणजे तो माणूस कोर्टात आलाच नसेल, तर आदेश त्याच्यावर बजावला गेला आहे ना हे बघा. 'मला आदेश माहीतच नव्हता' हा त्याचा पहिला बचाव असतो. बजावणीचा अहवाल केसच्या फाईलमध्ये लागलेला असतो, त्याची नक्कल काढून ठेवा. बजावणी झाली नसेल तर वकिलाला पुढच्या तारखेची वाट बघू देऊ नका, लगेच अर्ज द्यायला सांगा.

पोलीस एनसी लिहून घेतात आणि घरी जा म्हणतात. काय करू?

मुंबईत हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार. तिची नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे एनसीचा कागद हातात आला, तरी पुढे काही हलत नाही. संरक्षण आदेशाचा भंग या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्यामुळे त्याची एनसी होऊच शकत नाही, एफआयआरच व्हायला हवा. ठाणे अंमलदाराला हे माहीत नसेल तर कलम ३१ आणि ३२ छापून सोबत न्या आणि शांतपणे पुढे ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं आहे. त्याच निकालात वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा आहे, आणि काही ठाणी त्याचा आधार घेतात. त्यावर तुमचं म्हणणं असं असू द्या: वाद काय होता ते कोर्टाने ऐकलं आहे, आदेशही दिला आहे, मी आता त्या आदेशाच्या भंगाची तक्रार करते आहे.

'ऑर्डर आमच्याकडे आलीच नाही' असंही ऐकायला मिळतं. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत कोर्टाने तुम्हाला मोफत द्यायची असते आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला पाठवायची असते. प्रत्यक्षात ती कुठेतरी टेबलावर पडून राहते. म्हणून आदेश मिळाल्यावर त्याच आठवड्यात प्रमाणित प्रत स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. तो शिक्का असला की हे उत्तर कोणाला देता येत नाही.

'ही आमची हद्द नाही' हे तर खपवूनच घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तुम्ही राहता घाटकोपरला, त्याने गाठलं दादर स्टेशनला आणि आदेश आहे कुर्ला कोर्टाचा, तरी जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. पुढे वर्ग करणं त्यांचं काम. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

एवढं करूनही नोंद झाली नाही, तर आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटा. मग लेखी तक्रार स्पीड पोस्टाने तुमच्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. या पायऱ्या क्रमाने चढल्याचे कागद कोर्ट मागतं, म्हणून प्रत्येक पायरीचा पुरावा ठेवा.

तक्रारीत काय लिहायचं?

थोडक्यात आणि नेमकं. लग्नापासूनची कहाणी मूळ केसमध्ये आहेच. इथे चार गोष्टी हव्यात: आदेश कोणता, त्यात मनाई कशाची, त्याने काय केलं, आणि पुढे काय करण्याची धमकी दिली. साधारण असं:

'माझ्या अर्जावर अंधेरी येथील मा. न्यायालयाने अमुक तारखेला संरक्षण आदेश दिला असून त्यातील परिच्छेद ४ नुसार माझ्या पतीस माझ्या कामाच्या ठिकाणी येण्यास व माझ्याशी संपर्क साधण्यास मनाई आहे. आदेश त्यांच्यावर बजावलेला आहे. असे असताना आज सायंकाळी साडेसहाच्या सुमारास ते माझ्या ऑफिसच्या इमारतीखाली आले, माझा हात धरून मला रिक्षात बसवण्याचा प्रयत्न केला व "केस मागे घे, नाहीतर उद्या मुलीला शाळेतून उचलून नेईन" असे म्हणाले. इमारतीचे सुरक्षारक्षक तेथे हजर होते. गेटवर सीसीटीव्ही आहे. सदर कृत्य हे कलम ३१ खालील गुन्हा असून त्याबाबत एफआयआर नोंदवावा.'

धमकीचे शब्द जसे उच्चारले तसेच लिहा, शिव्यांसकट. 'अश्लील शिवीगाळ केली' असं सभ्य करून लिहिलं की त्यातला धोका वाचणाऱ्याला कळत नाही. मारहाण, पाठलाग, धमकी, घरात घुसणं असं काही झालं असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमंही लागतात. पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचं कलम, पूर्वीचं ४९८-अ, आता त्यात ८५ आहे. कलमं शोधायची जबाबदारी तुमची नाही, घडलेलं सगळं सांगायची आहे. सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्या.

मला ठाण्यात जायची भीती वाटते. दुसरा मार्ग आहे?

आहे. कायद्याच्या नियम १५ प्रमाणे तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे लेखी, सही केलेली तक्रार देऊ शकता. त्यांनी ती आदेशाच्या प्रतीसह मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची असते. तुम्ही मदत मागितली तर स्थानिक पोलिसांना घेऊन तुमची सुटका करणं आणि तक्रार नोंदवायला मदत करणं हेही त्यांचं काम आहे. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, मुंबई शहर आणि उपनगर अशा दोन जिल्ह्यांसाठी वेगळे. ज्या मॅजिस्ट्रेटने आदेश दिला त्यांच्याकडे थेट अर्जही करता येतो. शक्यतो त्यांनीच भंगाचा खटला चालवावा असं कायदा सांगतो, आणि ते सोयीचंही आहे, कारण त्यांना प्रकरण माहीत असतं.

पोलिसांच्याच आवारात बसणारा, पण पोलीस नसलेला आधारही मुंबईत आहे. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या तुमच्याबरोबर तक्रारीसाठी उभ्या राहतात. शक्यतो एकटीने जाऊ नका. सोबत कोणी असलं की उत्तरं देणाऱ्याचा सूर बदलतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एफआयआर झाला. आता त्याला लगेच अटक होईल ना?

होईलच असं नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नाही, तिची गरज कारणांसह नोंदवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. त्यामुळे पोलीस बरेचदा हजर राहण्याची नोटीस देतात. पण पुन्हा गुन्हा होऊ नये, साक्षीदाराला किंवा तक्रारदाराला धमकावलं जाऊ नये, ही अटकेची वैध कारणं आहेत. म्हणूनच तक्रारीत 'पुन्हा येईन', 'शेजारणीला बघून घेईन' असे शब्द यायला हवेत, आणि पूर्वी कितीदा आदेश मोडला तेही. ते लिहिलेलं नसेल तर तपास अधिकाऱ्याकडे कारण उरत नाही.

नोटीस मिळून तो बाहेर असेल, तर ते दिवस जपून काढा. काही रात्री माहेरी राहा, येण्याजाण्याची वेळ बदला. राहायला जागाच नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. निवारागृहाने तुम्हाला आसरा द्यावा अशी तरतूद कायद्यात आहे.

जामिनावर सुटला तर?

जामीन देताना कोर्ट अटी घालू शकतं: संपर्क करायचा नाही, घर सोडून लांब राहायचं, शस्त्र बाळगायचं नाही, दारू प्यायची नाही. या अटी नियम १५ मध्येच आहेत. पण त्या मागाव्या लागतात. जामिनाची सुनावणी कधी आहे ते तपास अधिकाऱ्याकडून काढा, सरकारी वकिलांना भेटा आणि तुम्हाला कोणत्या अटी हव्यात ते एका कागदावर लिहून द्या. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज होतो.

शिक्षा किती आहे?

एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

साक्षीदारच नाही. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

घराच्या चार भिंतींत काय झालं याला साक्षीदार कुठून येणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. कलम ३२ मध्ये लिहिलं आहे की केवळ पीडित महिलेच्या साक्षीवरून गुन्हा घडला असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं. म्हणून तुमचं सांगणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असणं फार महत्त्वाचं. रोजच्या रोज वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि काय झालं ते लिहा. खटला उभा राहील तेव्हा कदाचित बराच काळ गेलेला असेल.

दुसरा पुरावा मिळेल तितका गोळा करा. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोलिसांनाही ते ताब्यात घ्यायला सांगा. मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये त्याचा नंबर आणि तारीख दिसू दे. फोन बदलला तरी जुना फोन विकू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन कोर्टात लागू शकतो.

पोटगीचा आदेश आहे, पण पैसे देत नाही. हाही भंग का?

इथे जरा जपून. कलम ३१ मध्ये शब्द 'संरक्षण आदेश' असा आहे, त्यामुळे थकलेल्या पोटगीला हे कलम लावायचं का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. पैशांसाठी वसुलीचा सरळ रस्ता धरलेला बरा. कलम २०(६) खाली त्याच्या पगारातून रक्कम कापून थेट तुम्हाला द्यावी किंवा कोर्टात जमा करावी, असा आदेश मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला देऊ शकतात. तो नोकरीत असेल तर याइतका परिणामकारक उपाय नाही. नसेल तर थकबाकीच्या वसुलीसाठी वॉरंटचा अर्ज करता येतो.

घरात राहण्याचा आदेश आहे, पण सासरच्यांनी कुलूप बदललं.

कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट पोलीस ठाण्याला तुम्हाला संरक्षण द्यायला आणि आदेशाची अंमलबजावणी करायला सांगू शकतात. तुमच्या आदेशात पोलीस मदतीची ओळ नसेल तर ती मागणारा अर्ज लगेच करा. शिवाय नियम १५ प्रमाणे, या कायद्याखालच्या कोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी करताना त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी अडथळा आणला, तर तोही संरक्षण आदेशाचा भंग मानला जातो. कुलूप स्वतः तोडायला जाऊ नका. बंद दाराचा फोटो काढा आणि पोलिसांना बोलवा. 'घर सासूच्या नावावर आहे' एवढ्यावरून तुमचा हक्क संपत नाही, हे २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालापासून स्पष्ट आहे.

त्रास सासू आणि दीर देतात, तो स्वतः गप्प आहे.

आदेश ज्यांच्याविरुद्ध आहे त्या सगळ्यांना तो लागू असतो. स्त्रियांविरुद्धही असा आदेश होऊ शकतो. मुंबईतल्याच हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'प्रौढ पुरुष' हे शब्द कायद्यातून काढून टाकले. दीर किंवा सासूचं नाव तुमच्या आदेशात नसेल, तर त्यांना सामील करून घेण्याचा अर्ज वकिलांकडून करून घ्या.

मीच त्याला मुलाच्या वाढदिवसाला बोलावलं होतं. आदेश संपला का?

संपला नाही. तुम्ही स्वतः अर्ज करून मागे घेईपर्यंत संरक्षण आदेश चालू राहतो. परिस्थिती बदलली म्हणून तो बदलायचा असेल तरी कोर्टाकडेच जावं लागतं. पण उलटतपासणीत त्या वाढदिवसावरून प्रश्न विचारले जातील, हे धरून चाला. खरं ते सांगा. मुलांना भेटवायचं असेल तर भेटीची जागा आणि वेळ कोर्टाकडून ठरवून घ्या, म्हणजे घरी बोलवायची वेळच येणार नाही. कोणी 'माफी मागतोय, आदेश मागे घे, मग तो नीट वागेल' म्हणत असेल, तर आधी काही महिने आदेश असताना तो नीट वागतो का ते बघा.

त्याने अपील केलंय, आणि तो आता गावी साताऱ्याला राहतो.

अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. सत्र न्यायालयाने स्थगिती दिली असेल तरच थांबतो, आणि ती स्थगिती त्याने कागदावर दाखवायला हवी. आदेश भारतभर लागू असतो. साताऱ्याहून केलेला धमकीचा फोनही भंगच.

तक्रार करायला उशीर झाला तर?

या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत आहे. भंग झाल्यापासून वर्षाच्या आत एफआयआर नोंद व्हायला हवा किंवा कोर्टात तक्रार दाखल व्हायला हवी, म्हणून महिने जाऊ देऊ नका. उशीर झालाच असेल तर त्याचं कारण तक्रारीत लिहा: आजारपण, धमकी, मुलाची परीक्षा, जे खरं असेल ते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा किंवा तुमच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा. नेमलेला वकील तारखेला येत नसेल तर तिथेच लेखी कळवून वकील बदलून मागा.

मी शेजारीण आहे. तिच्या घरातला आरडाओरडा ऐकते, पण ती बोलायला तयार नाही. मी काही करू शकते?

करू शकता. हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. ११२ ला फोन करायला तिची परवानगी लागत नाही. एरवी तिला एकटीला गाठून एवढंच विचारा: तुझ्या आदेशाची एक प्रत माझ्या घरी ठेवू का? रात्री घर सोडून निघावं लागलं तर तो कागद, मुलांचे दाखले, थोडे पैसे आणि औषधं तुमच्याकडे तयार असतील.